लाळेतील प्रतिपिंडे आणि लसीकरणोत्तर प्रतिकारशक्ती : परीक्षेचा अर्थ व मर्यादा

प्रस्तावना

लस घेतल्यानंतर शरीरात प्रतिकारशक्ती खरोखरच निर्माण झाली किंवा नाही, हा प्रश्न पूर्वी प्रामुख्याने प्रयोगशाळेतील संशोधकांचा होता. कोविड-१९ च्या साथीनंतर तो सामान्य रुग्णाच्याही तोंडी आला. रक्त न काढता केवळ लाळेवरून हे कळते, असे ऐकिवात आल्यापासून तर या विषयीचे कुतूहल अधिकच वाढले आहे.

परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावी वैद्य व औषधविक्रेते यांच्यासमोर हा प्रश्न मुख्यतः तीन रूपांनी येतो. सुवर्णप्राशनासाठी बालकाला घेऊन आलेली माता विचारते, ‘‘गोवराची एक सुई झाली आहे, शक्ती आली असेल तर दुसरी देण्याची गरज आहे का?’’ काळभैरवनाथाच्या दर्शनास आलेल्या एखाद्या यात्रेकरूस मंदिर परिसरातील माकडाने ओरबाडलेले असते आणि तो म्हणतो, ‘‘पूर्वी कुत्रा चावला तेव्हा सुया घेतल्या होत्या, त्या अजून अंगात आहेत का, ते तपासता येईल का?’’ तिसरा ग्राहक सरळ दुकानात येऊन थुंकीवरच्या तपासणीचे किट मागतो.

तिन्ही प्रश्नांमागील समजूत एकच आहे : प्रतिपिंडे सापडली म्हणजे संरक्षण आहे, न सापडली म्हणजे संरक्षण नाही. ही समजूत कितपत खरी आहे, लाळेच्या परीक्षेचा खरा उपयोग कोठे आहे आणि कोठे ती दिशाभूल करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाळेत प्रतिपिंडे येतात कोठून?

‘लाळ’ हा शब्द आपण व्यवहारात एका अर्थाने वापरतो. परंतु मुखातील द्रव हे वस्तुतः एक मिश्रण आहे. त्यात लालाग्रंथींचा स्राव असतो, तसाच हिरडी व दात यांच्या मधल्या खाचेतून पाझरणारा द्रवही असतो. या दोहोंतून येणारी प्रतिपिंडे भिन्न मार्गांनी आलेली असतात. हा भेद ध्यानात आला की पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

पहिला वर्ग आयजीए या प्रतिपिंडांचा. लालाग्रंथींच्या आसपास असलेल्या प्लाझ्मा पेशी ती तेथेच तयार करतात. दोन रेणू एकत्र जोडले जाऊन, ग्रंथींच्या पेशींतून पार होताना त्यांस एक संरक्षक घटक चिकटतो आणि मग ती स्रावात उतरतात. या घटकामुळे मुखातील पाचक द्रव्यांपासून त्यांचे रक्षण होते. जंतूंना श्लेष्मल त्वचेस चिकटू न देणे, हे त्यांचे प्रमुख कार्य होय.

दुसरा वर्ग आयजीजी या प्रतिपिंडांचा. ही मुख्यत्वे रक्तातील असतात आणि हिरड्यांच्या खाचेतून झिरपून मुखात येतात. म्हणून त्यांचे प्रमाण रक्ताच्या प्रमाणाशी निगडित असते. मात्र ते अत्यंत अल्प, रक्ताच्या साधारण हजाराव्या भागाइतके असते. रक्तातील विपुल आयजीजीचे हे जणू एक फिकट प्रतिबिंबच होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दंडावर टोचलेली लस प्रामुख्याने रक्तातील आयजीजी वाढविते. त्यामुळे तिचा ठसा लाळेत शोधावयाचा झाल्यास तो हिरड्यांच्या पाझरात शोधावा लागतो. तोंडावाटे किंवा नाकावाटे दिलेली लस श्लेष्मल त्वचेतील आयजीए निर्माण करण्यास अधिक अनुकूल असते. पोलिओचे उदाहरण आपणा सर्वांस परिचित आहे. टोचावयाची पोलिओ लस रक्तात उत्तम प्रतिपिंडे निर्माण करून पक्षाघातापासून वाचविते, तथापि आतड्यातील स्थानिक प्रतिकार ती मुखावाटे द्यावयाच्या थेंबांइतका निर्माण करीत नाही. म्हणजेच प्रतिकारशक्ती मोजताना ‘किती?’ याआधी ‘कोठे?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

परीक्षेची पद्धती

प्रतिपिंडांसाठी नमुना घेताना रुग्णास केवळ भांड्यात थुंकावयास सांगणे पुरेसे नसते. आयजीजी हवे असल्यास स्पंजाची लहान काडी हिरड्यांच्या कडेने सुमारे एक मिनिट हळुवार फिरवितात, जेणेकरून खाचेतील पाझर त्यात शोषला जाईल. आयजीए हवे असल्यास न चघळता, आपोआप जमणारी लाळ ठरावीक वेळ गोळा करतात.

प्रयोगशाळेत बहुधा एलायझा पद्धती वापरतात. प्लास्टिकच्या लहान खळग्यांत ज्या रोगाची परीक्षा करावयाची त्या विषाणूचे प्रतिजन बसविलेले असतात. नमुन्यात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असल्यास ती त्यास चिकटतात आणि पुढील रासायनिक क्रियेने रंग येतो. रंगाच्या तीव्रतेवरून प्रमाणाचा अंदाज करतात. लाळेतील प्रमाण अल्प असल्याने, प्रथम सर्वच आयजीजी पकडून त्यातून विशिष्ट प्रतिपिंडे ओळखण्याची सुधारित पद्धतीही वापरात आहे. काही परीक्षा पट्टीवर होतात. त्यांत रेघ उमटते किंवा उमटत नाही, प्रमाण मात्र कळत नाही.

येथे एक गल्लत दूर करणे अगत्याचे आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली, मिठाच्या पाण्याने पंधरा सेकंद गुळण्या करून नमुना देण्याची पद्धती २०२१ साली मान्यता पावली. पुण्याच्या मायलॅबचे घरच्या घरी वापरण्याचे कोविड किटही त्याच वर्षी बाजारात आले. यांपैकी पहिली परीक्षा आरटी-पीसीआरद्वारे विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते, तर दुसरी नाकातील नमुन्यात विषाणूचे प्रतिजन शोधते. दोन्ही ‘आता संसर्ग आहे काय?’ याचे उत्तर देतात. ‘प्रतिकारशक्ती आली काय?’ याच्याशी त्यांचा संबंध नाही. ग्राहक ‘थुंकीची तपासणी’ एवढेच म्हणतो. त्यास नेमके काय हवे आहे, हे औषधविक्रेत्याने विचारून घेतले पाहिजे.

सेवाग्रामचा अनुभव

मुखातील द्रवावरून प्रतिपिंडे ओळखणे ही केवळ परदेशी प्रयोगशाळांतील गोष्ट नाही. महाराष्ट्रातच, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एचआयव्हीसाठी या परीक्षेचा अभ्यास झाला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४५० व्यक्तींमध्ये हिरड्यांवरून काडी फिरवून केलेल्या शीघ्र परीक्षेचे निष्कर्ष रक्ताच्या प्रमाणित परीक्षांशी ताडून पाहिले असता ते अतिशय उत्तम जुळले. बहुसंख्य रुग्णांनी सुईपेक्षा या पद्धतीस पसंती दिली, हेही नोंदले गेले. पुढे त्याच संस्थेत प्रसूतीसाठी आलेल्या बाराशेहून अधिक स्त्रियांना रात्रंदिवस ही परीक्षा उपलब्ध करून देण्यात आली. तो वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतिपूर्व तपासणी न झालेल्या मातेचा संसर्ग ऐनवेळी ओळखून बालकास औषध देता येणे, हा तिचा प्रत्यक्ष लाभ होता.

मग जी परीक्षा एचआयव्हीसाठी इतकी विश्वसनीय ठरली, ती लसीकरणानंतर का नाही? याचे उत्तर प्रश्नाच्या स्वरूपात आहे. एचआयव्हीचा संसर्ग दीर्घकाल टिकणारा असतो. विषाणू सतत शरीरात राहिल्याने प्रतिपिंडे भरपूर व सातत्याने निर्माण होतात. त्यामुळे ती हजारपट विरळ होऊन लाळेत आली तरी सापडतात. शिवाय तेथे प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच असतो. (संसर्गानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांपर्यंत प्रतिपिंडे न आढळण्याचा संभव तेथेही असतो, आणि सकारात्मक निष्कर्षाची पुष्टी रक्तावरच करावी लागते, हे विसरू नये.)

लसीकरणाची गोष्ट निराळी आहे. लसीने दिलेले प्रतिजन काही काळाने नाहीसे होते. आयजीजीच्या रेणूंचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असते. पुढे त्यांचे प्रमाण अस्थिमज्जेतील दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींच्या निर्मितीवर अवलंबून राहते व वर्षानुवर्षे हळूहळू उतरते. रक्तात ते पुरेसे असतानाही लाळेतील हजारावा अंश परीक्षेच्या टप्प्याखाली जाऊ शकतो. आणि येथे प्रश्न ‘आहे का’ इतकाच नसून ‘पुरेसे आहे का’ असा असतो.

‘पुरेसे’ म्हणजे किती?

हा सर्वांत कळीचा मुद्दा होय. काही मोजक्या रोगांच्या बाबतीत रक्तातील प्रतिपिंडांचे असे सीमामूल्य ठरलेले आहे, की ज्याच्या वर संरक्षण गृहीत धरता येते. हिपॅटायटिस-बीसाठी ते प्रतिमिलिलिटर १० मिली आंतरराष्ट्रीय एकके, रेबीजसाठी ०.५ आंतरराष्ट्रीय एकक, तर गोवरासाठी विषाणू-निष्प्रभावन पद्धतीने १२० मिली आंतरराष्ट्रीय एकके मानतात. ही सर्व मूल्ये सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर द्रवाची आहेत. लाळेसाठी अशी सर्वमान्य सीमामूल्ये नाहीत.

कोविड-१९ बाबत तर रक्तातही व्यक्तिगत संरक्षण सांगणारे सर्वमान्य सीमामूल्य नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्ये, लस घेतल्यानंतर प्रतिकारशक्ती जोखण्यासाठी प्रतिपिंडांची परीक्षा वापरू नये, असा सल्ला दिला.

दुसरे असे की, प्रतिपिंडे हा प्रतिकारशक्तीचा एक भाग आहे. स्मृतिपेशी आणि पेशीजन्य प्रतिकार यांचा बोध या परीक्षेतून होत नाही. हिपॅटायटिस-बीचे उदाहरण बोलके आहे : लसीच्या तीन मात्रांनंतर एकदा प्रतिपिंडे सीमामूल्याच्या वर गेलेल्या निरोगी व्यक्तीत ती पुढे कित्येक वर्षांनी खाली आली, तरी स्मृतिपेशींमुळे संरक्षण टिकून राहते. त्या वेळी केलेल्या परीक्षेत ‘नाही’ असे उत्तर येईल, आणि ते अर्थाच्या दृष्टीने चुकीचे असेल.

समूहासाठी उपयुक्त, व्यक्तीसाठी अपुरी

असे असूनही लाळेची परीक्षा निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. इंग्लंड व वेल्समध्ये १९९४ पासून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या संशयित रुग्णांचे मुखद्रवाचे नमुने टपालाने प्रयोगशाळेत पाठविण्याची व्यवस्था आहे. तेथे लसीकरण यशस्वी होऊन रोग दुर्मीळ झाला, तेव्हा डॉक्टरांनी केवळ पुरळ पाहून केलेले पुष्कळ निदान प्रत्यक्षात गोवराचे नसते, हे याच नमुन्यांतून उघड झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या गोवर-रुबेला प्रयोगशाळा जाळ्यानेही रक्ताला पर्याय म्हणून हा नमुना स्वीकारला आहे. लहान मुलास सुई टोचावी लागत नाही, रक्त काढणारा तंत्रज्ञ लागत नाही, नमुन्याची ने-आण सुलभ असते. हे लाभ ग्रामीण भागासाठी लहान नाहीत.

लसीकरणानंतर प्रतिपिंडे मोजून समूहाविषयी निर्णय कसा घेतात, याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घडले. गोवराची लस सुईऐवजी तुषाररूपाने श्वासावाटे देता येईल काय, हे पाहण्यासाठी ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यानच्या २,००४ बालकांवर तेथे चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लसीनंतर ९१ व्या दिवशी तुषार घेतलेल्या गटात ८५.४ टक्के, तर सुई घेतलेल्या गटात ९४.७ टक्के बालकांत गोवराविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. तुषार लस उपयोगी होती, परंतु सुईच्या तोडीची नव्हती, हा निर्णय त्यावरून झाला. येथे मोजमाप सीरमचे होते; तथापि निर्णय कोणा एका बालकाविषयी नसून लस देण्याच्या पद्धतीविषयी होता, हे लक्षात घ्यावे.

समूह आणि व्यक्ती यांतील हा भेद एका काल्पनिक हिशेबाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एका गावात २०० लस घेतलेली बालके आहेत. त्यांपैकी १७० बालकांच्या रक्तात प्रतिपिंडे पुरेशी आहेत, ३० बालकांत नाहीत. लाळेची परीक्षा दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे, असे धरू.

(अ) ज्या १७० बालकांत प्रतिपिंडे आहेत, त्यांपैकी १५३ सकारात्मक आणि १७ मिथ्या नकारात्मक येतील.

(आ) ज्या ३० बालकांत ती नाहीत, त्यांपैकी २७ नकारात्मक आणि ३ मिथ्या सकारात्मक येतील.

एकूण सकारात्मक १५६ झाली, म्हणजे ७८ टक्के. वास्तविक प्रमाण ८५ टक्के आहे. परंतु परीक्षेची अचूकता ठाऊक असल्यास गणिताने ही चूक दुरुस्त करून पुन्हा ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचता येते. समूहापुरते उत्तर असे विश्वसनीय होते.

आता व्यक्तीकडे वळू. नकारात्मक आलेल्या ४४ बालकांपैकी १७ जणांत प्रत्यक्षात प्रतिपिंडे आहेत. त्यांच्या पालकांना ‘लस लागू झाली नाही’ असे सांगणे चूक ठरेल आणि लसीवरील त्यांचा विश्वास विनाकारण ढळेल. सकारात्मक आलेल्यांपैकी तीन बालके असुरक्षित आहेत. पण ती कोणती, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. ‘शक्ती आली आहे’ या आश्वासनावर त्यांची पुढील मात्रा टळली, तर पुढच्या साथीत ती तिघेच प्रथम सापडतील. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे झालेला गोवराचा उद्रेक सर्वांच्या स्मरणात आहे. गोवर किती वेगाने पसरतो आणि बालकांच्या जिवावर कसा बेततो, हे तेथे पुन्हा एकदा दिसले.

कोविड-१९ : परीक्षा कोणत्या प्रतिजनाची?

प्रतिपिंडांच्या परीक्षेचा समूहासाठी झालेला सर्वांत मोठा उपयोग आपल्या देशाने कोविड काळात पाहिला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली ‘कोविड कवच’ ही एलायझा परीक्षा विकसित केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ७० जिल्ह्यांत रक्ताची राष्ट्रीय सर्वेक्षणे केली. आपल्या शेजारचा बीड जिल्हा त्यांत समाविष्ट होता. २०२० च्या मे-जूनमध्ये प्रौढांत एक टक्क्याहून कमी आढळलेले प्रमाण जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत ६७.६ टक्क्यांवर पोहोचले होते. त्या फेरीत लस न घेतलेल्यांत ६२.३ टक्के, तर दोन मात्रा घेतलेल्यांत ८९.८ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली.

तथापि व्यक्तिगत अहवाल वाचताना आणखी एक बाब पाहावी लागते. कोविशिल्ड ही लस विषाणूच्या केवळ काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. कोव्हॅक्सिन ही संपूर्ण निष्क्रिय विषाणूपासून केलेली असल्याने ती केंद्रकीय प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण करू शकते. म्हणून केवळ केंद्रकीय प्रथिनावर आधारलेली परीक्षा कोविशिल्ड घेतलेल्या व्यक्तीत केली आणि तिला पूर्वी संसर्ग झालेला नसला, तर उत्तर नकारात्मक येणारच. त्यात लसीचा दोष नाही. परीक्षेची निवड चुकलेली असते.

श्लेष्मल त्वचेतील प्रतिकाराचे महत्त्वही या साथीने अधोरेखित केले. दंडावरील लसीने गंभीर आजार व मृत्यू मोठ्या प्रमाणावर टळले. परंतु ज्यांना पूर्वी संसर्ग झालेला नव्हता, त्यांच्या लाळेत आयजीए अल्प व अल्पकाळच आढळते. नाकावाटे देण्याच्या ‘इन्कोव्हॅक’ या भारतीय लसीच्या चाचणीत लाळेतील आयजीए मोजण्यात आले, ते याच कारणाने. लाळेच्या परीक्षेचे भावी कार्यक्षेत्र हेच असावे, असे वाटते : रक्ताचा स्वस्त पर्याय म्हणून नव्हे, तर रक्तात जे दिसत नाही ते पाहण्यासाठी.

आयुर्वेदीय दृष्टिकोनातून

व्याधिक्षमत्व या संज्ञेचे चक्रपाणींनी दुहेरी विवरण केले आहे : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधीची उत्पत्तीच होऊ न देणे. चरकाचार्यांनी बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन प्रकार मानले आहेत. या विचारसरणीत वाढलेल्या वैद्यास, एका रेणूच्या मोजमापात संपूर्ण क्षमत्व सामावत नाही, हे निराळे सांगावयास नको. रंजकता अशी की, आधुनिक प्रतिकारशास्त्रही आज तेच सांगते. संसर्ग रोखणे आणि संसर्गाचे बल मोडणे ही दोन कार्ये भिन्न असून त्यांची साधनेही भिन्न आहेत.

तथापि या साम्यावरून दोन मोह उत्पन्न होतात. ते दोन्ही टाळले पाहिजेत. पहिला मोह समीकरणाचा. रसनास्थित बोधक कफ म्हणजेच लाळेतील आयजीए, किंवा ओज म्हणजेच प्रतिपिंडे, अशी विधाने सभा-संमेलनांत आकर्षक वाटतात. परंतु भिन्न चौकटीतील संकल्पनांची अशी जुळवाजुळव दोन्ही शास्त्रांवर अन्याय करते.

दुसरा मोह पुराव्याचा. सुवर्णप्राशन, च्यवनप्राश किंवा गुडूचीसारखे रसायन दिल्यावर लाळेतील आयजीए वाढले, एवढ्यावरून त्या औषधाने प्रतिकारशक्ती वाढली, असे घोषित करणे अयोग्य होय. लाळेतील आयजीएचे प्रमाण सकाळी अधिक व पुढे दिवसभर कमी होत जाते. लाळ अधिक सुटली की ते विरळ होते, तोंड कोरडे असले की घट्ट होते. व्यायाम, मानसिक ताण, ऋतू व सर्दी-पडशानेही त्यात बदल होतो. असा अभ्यास करावयाचा झाल्यास नमुना एकाच वेळी घेणे, लाळेचा दर मोजणे, औषध न दिलेला तुल्य गट ठेवणे आणि अखेरीस मुले प्रत्यक्षात कमी आजारी पडली काय, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हा विषय निश्चितच घेण्याजोगा आहे. मात्र युक्तिकृत बलाची ही साधने लसीस पूरक आहेत, पर्याय नव्हेत, हे पालकांस निःसंदिग्ध शब्दांत सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

नमुना घेताना घ्यावयाची दक्षता

एखाद्या सर्वेक्षणात वा संशोधनात सहभागी होणाऱ्या वैद्यांसाठी काही व्यावहारिक सूचना येथे देत आहोत.

१) नमुन्यापूर्वी किमान अर्धा तास खाणे, पिणे, दात घासणे टाळावे. तंबाखू, मावा, सुपारी, चुना यांचे सेवन केलेल्या तोंडातील नमुना घेऊ नये.

२) तैलगंडूष, कवल, त्रिफळा वा हळदीच्या पाण्याच्या गुळण्या यांनंतर लगेच नमुना घेऊ नये. तेलाचा थर व कषाय द्रव्ये परीक्षेत व्यत्यय आणू शकतात. त्या दिवशीचा उपक्रम नमुन्यानंतर करावा.

३) हिरड्यांतून रक्त येत असल्यास तसे नोंदवावे. रक्ताचा अंश मिसळल्याने आयजीजीचे प्रमाण फसवे वाढते. शीताद, दंतवेष्ट यांसारख्या विकारांत हे विशेष ध्यानात ठेवावे.

४) नमुन्याची वेळ, लसीचे नाव, मात्रांच्या तारखा व त्यानंतरचे आजारपण यांची नोंद अवश्य करावी. लसीनंतर दोन ते चार आठवडे होण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यातून आयजीजीविषयी निष्कर्ष काढू नये.

५) गोवर-रुबेला लसीनंतर काही आठवडे आयजीएम प्रतिपिंडे आढळू शकतात. अलीकडेच लस घेतलेल्या बालकात ती सापडली म्हणून गोवर झाला, असे म्हणता येत नाही.

व्यवहारातील प्रश्नांची उत्तरे

प्रारंभी उल्लेखिलेल्या तीन प्रश्नांकडे आता वळू.

बालकाच्या मातेस सांगावे की, गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत व दुसरी १६ ते २४ महिन्यांत द्यावयाची असते. पहिल्या मात्रेनंतर काही बालकांत प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही, आणि ती बालके कोणती हे बाहेरून कळत नाही. दुसरी मात्रा त्यांच्यासाठीच सर्वांना दिली जाते. प्रतिकारशक्ती आधीच असलेल्या बालकास दुसरी मात्रा अपाय करीत नाही. म्हणून तपासून ठरविण्याऐवजी देऊन मोकळे होणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

माकडाने चावलेल्या वा ओरबाडलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर क्षणाचाही विलंब नको. अलर्कविष म्हणून सुश्रुताचार्यांनी वर्णिलेला हा व्याधी लक्षणे प्रकट झाल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रुग्णास शासकीय रुग्णालयात पाठवावे. पूर्वी संपूर्ण लसीकरण झाल्याची नोंद असल्यास सामान्यतः शून्य व तिसऱ्या दिवशी अशा दोनच मात्रा पुरतात व इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही; नोंद नसल्यास संपूर्ण उपचार करावे लागतात. हा निर्णय कागदावरील नोंदीवरून व्हावयाचा असतो. लाळ तपासून ठरविण्याची ही वेळ नव्हे आणि रक्ताच्या अहवालाची वाट पाहण्याचीही नव्हे. यात्रेच्या दिवसांत मंदिराजवळील औषधविक्रेत्यांनी एवढी माहिती जरी दिली, तरी मोठे कार्य होईल.

किट मागणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत विक्रेत्याने तीन गोष्टी पाहाव्यात. किट विषाणू शोधते की प्रतिपिंडे; ते घरगुती वापरासाठी आहे की प्रयोगशाळेसाठी; आणि त्यावर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ अन्वये उत्पादन अथवा आयात परवान्याचा क्रमांक आहे की नाही. परवाना नसलेला माल ठेवू नये. आणि ‘प्रतिकारशक्ती तपासा’ अशी पाटी लावून तिच्याच शेजारी प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या औषधांची मांडणी करणे, हे व्यवसायाच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही.

एका ठिकाणी मात्र प्रतिपिंडांची व्यक्तिगत परीक्षा खरोखर करण्याजोगी आहे, आणि ती स्वतः वैद्यांची. जे वैद्य सिरावेध, जलौकावचारण, विद्धकर्म करतात, त्यांना रुग्णाच्या रक्ताचा संपर्क घडतो. त्यांनी व त्यांच्या परिचारकांनी हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा शून्य, एक व सहा महिन्यांनी घ्याव्यात आणि शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ताची परीक्षा करून घ्यावी. येथे सीमामूल्य निश्चित आहे, उत्तरानुसार काय करावयाचे तेही निश्चित आहे. परीक्षा केव्हा करावी, याचा निकषच त्यातून मिळतो.

उपसंहार

जी परीक्षा केल्याने पुढील कृती बदलते, तीच रुग्णासाठी उपयोगी. लाळेतील प्रतिपिंडांची परीक्षा गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची स्थिती सांगण्यास समर्थ आहे. लहान मुलांना वेदना न देता लसीकरणातील उणिवा दाखविण्याचे ते एक उत्तम साधन होऊ शकते. उद्या आपल्या भागात असे सर्वेक्षण झाल्यास वैद्यवर्गाने त्यात मनःपूर्वक सहकार्य करावे. परंतु समोर बसलेल्या एका बालकास ‘तू सुरक्षित आहेस’ असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार या परीक्षेस अद्याप प्राप्त झालेला नाही. तोपर्यंत त्या बालकाच्या हाती असलेले लसीकरणाचे कार्ड व त्यावरील तारखा, हीच अधिक विश्वसनीय परीक्षा होय. आणि ते कार्ड मागून पाहण्याची सवय प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयात आजपासून लावून घ्यावी.